दहा वर्षं, तीन अल्बम

गिटार असलेल्या कुठल्याही हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर दोन-तीन गाणी ठरलेली असतात. त्यातलं एक ‘अरे रुक जा रे बंदे’. 2015 साली मी पुण्यात इंजिनिअरिंगला आले, तेव्हा आमच्या हॉस्टेलमध्ये ते आठवड्यातून तीनदा तरी व्हायचं. त्याच वर्षी ‘मसान’ आला होता. त्याचं संगीत याच बँडचं आहे असं कुणीतरी सांगितलं आणि मी उलट्या दिशेने ऐकत गेले. ‘मसान’वरून ‘ब्लॅक फ्रायडे’, तिथून ‘झीनी’, ‘कंदिसा’, ‘डेझर्ट रेन’ आणि शेवटी 1993चा पहिला अल्बम. त्या अल्बमचं नाव आणि बँडचं नाव एकच, ‘इंडियन ओशन’.

उलटं ऐकत गेलं की एक गंमत होते. हे लोक पुढे मोठे होणार हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे त्यांची सुरुवातीची वर्षं पुस्तकाच्या प्रस्तावनेसारखी वाटतात. पानं उलटायची आणि खऱ्या गोष्टीपाशी पोचायचं. आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे, दिवसा बॅकएंडचा कोड लिहिते, शनिवार-रविवारी एका बँडमध्ये बास वाजवते, आणि मला त्या प्रस्तावनेतच जास्त रस आहे. कारण आम्ही सध्या तिथे आहोत, आणि आमच्या पुस्तकाला पुढची पानं आहेत की नाहीत हे कुणी सांगू शकत नाही.

तर प्रस्तावना. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांची ओळख 1984 मधली, दिल्लीतली. सुस्मित गिटार वाजवायचे, असीम तबला वाजवायचे आणि गायचे. बँड म्हणून गोष्ट उभी राहिली 1990 मध्ये. ‘इंडियन ओशन’ हे नाव सुचवलं सुस्मित यांच्या वडिलांनी. हा तपशील मला फार आवडतो. वडील नाव सुचवतात म्हणजे त्या घरात बँड हा विषय निदान जेवताना तरी निघत असणार. आमच्या चौघांच्या घरी तो ‘ते तुमचं’ या दोन शब्दांत उरकला जातो. ‘ते तुमचं झालं का? मग येताना दूध घेऊन ये.’

1990 मध्ये भारतात रॉक बँड म्हटलं की इंग्रजी गाणी. मुंबईचा ‘रॉक मशीन’ 1984 पासून वाजवत होता आणि 1988 मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बमही काढला, पण भाषा इंग्रजीच. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये लोकांना परदेशी बँडची ओळखीची गाणी हुबेहूब हवी असत. मूळ रेकॉर्डच्या तुम्ही किती जवळ जाता यावर तुमची किंमत ठरे. हे मला ऐकून माहीत नाही, अनुभवून माहीत आहे, कारण 2016 मध्येही आमच्या कॉलेजात तेच चाललं होतं. सोलो जरा वेगळा वाजवला की पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं, ‘चुकला!’

अशा काळात या लोकांनी जे वाजवायला घेतलं त्याला तुलनेसाठी मूळ रेकॉर्डच नव्हती. सुरुवातीच्या त्यांच्या संगीतात शब्दही फार कमी. गिटार सरोदच्या अंगाने जाणारी, सोबत तबला, आणि एकेक रचना सात-आठ मिनिटं चालणारी. त्यातल्या एका रचनेचं नाव ‘गोइंग टू आयटीओ’. आयटीओ म्हणजे दिल्लीतला गर्दीने गच्च भरलेला चौक. आपल्याकडे कुणी रॉकच्या तुकड्याला ‘गोइंग टू स्वारगेट’ असं नाव द्यावं, तसं. त्या नावात मला पहिल्यांदा दिसलं की रॉक वाजवण्यासाठी मनाने लंडनला जावं लागत नाही. रोज जिथून बस पकडतो तिथूनही सुरुवात होते.

तबला घेऊन रॉक वाजवणं ऐकायला सोपं वाटतं. आम्ही एकदा करून पाहिलं. तबला एका स्वराला लावलेला असतो, त्यामुळे गाण्याची पट्टी तिथेच बांधली जाते. मधेच सूर बदलायचा तर तबलजीने काय करायचं? दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. ॲम्प जोरात लावला की तबल्याचा माइक तो आवाज उचलतो आणि स्पीकर शिट्टी मारायला लागतो. तिसरी माझी अडचण. डग्ग्याचा घुमारा आणि बास गिटार दोघंही खालच्या आवाजाच्या एकाच खोलीत राहतात. दोघं एकदम बोलले की नुसता चिखल. अर्ध्या तासाने आमचा तबलजी मित्र म्हणाला, ‘तू थांब ना जरा, मी बोलतोय.’ तेव्हापासून ‘इंडियन ओशन’ ऐकताना मी बास कुठे वाजतो यापेक्षा कुठे थांबतो ते ऐकते. असं थांबणं एका बैठकीत जमत नाही. समोरचा कधी बोलणार हे माहीत असावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्यासोबत काही वर्षं घालवावी लागतात.

ती वर्षं सहज मिळाली नाहीत. सुरुवातीला माणसं बदलत राहिली. राहुल राम बास घेऊन 1991 मध्ये आले, अमित किलम ड्रम घेऊन 1994 मध्ये. म्हणजे 1993 मध्ये एचएमव्हीने पहिला अल्बम काढला, तेव्हा पुढे ज्या चौघांना आपण ‘इंडियन ओशन’ म्हणून ओळखतो ते चौघं अजून एकत्र आलेलेच नव्हते. मोठ्या कंपनीचा शिक्का मिळाला आणि बँड पूर्ण व्हायचा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी रिलीज झालं आणि टीम नंतर जमली.

आता त्या काळात आजूबाजूला काय चाललं होतं ते बघा. 1991 नंतर देश बदलला, घराघरात केबल आली, म्युझिक चॅनेल आली. 1995 मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं आणि सिनेमाबाहेरचं गाणंही घरोघरी पोचू शकतं हे सगळ्यांना कळलं. 1998 मध्ये दिल्लीच्याच ‘युफोरिया’चं ‘धूम पिचक धूम’ आलं, ‘सिल्क रूट’चं ‘डूबा डूबा’ आलं. चार मिनिटांचं गाणं, लक्षात राहणारी ओळ, सोबत व्हिडिओ असा साचा तयार झाला होता. सात-आठ मिनिटांच्या, शब्द जपून वापरणाऱ्या रचना त्यात बसणाऱ्या नव्हत्या. 1993 नंतर ‘इंडियन ओशन’चा दुसरा अल्बम यायला चार वर्षं गेली.

तो दुसरा अल्बम म्हणजे ‘डेझर्ट रेन’. त्याची गोष्ट 1 जानेवारी 1997 या तारखेपासून सुरू होते. नाटककार सफदर हाश्मी यांच्यावर 1989च्या 1 जानेवारीला, दिल्लीजवळ साहिबाबादला पथनाट्य चालू असताना हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या ‘सहमत’ या संस्थेतर्फे 1 जानेवारीला दिल्लीत कार्यक्रम होतो. 1997च्या कार्यक्रमात बँडने जे वाजवलं त्याच्या रेकॉर्डिंगचा अल्बम झाला. स्टुडिओ नाही, ‘पुन्हा एकदा घेऊ’ नाही. समोर लोक बसलेत आणि चौघं वाजवताहेत.

हे रेकॉर्डिंग मी इतक्यांदा ऐकलंय की ते माझ्या डोक्यात आता एक जागा झालं आहे. आणि दर वेळी एकच गोष्ट जाणवते. या चौघांना घाई नाही. सात वर्षं झालीत, नावावर एक अल्बम आहे, टीव्हीवर दुसरेच लोक दिसताहेत, आणि तरी एखादा तुकडा उलगडायला ते हवा तितका वेळ घेतात. आम्ही गाणं अपलोड करताना पहिल्या सात सेकंदांत काय आहे यावर भांडतो, कारण सातव्या सेकंदानंतर अंगठा वर सरकतो. तो अंगठा माझाही असतो, म्हणून मी कुणाला नावं ठेवत नाही. फक्त इतकंच की त्या चौघांसमोर जानेवारीच्या थंडीत आलेली, निघून जायला उठावं लागेल अशी माणसं होती.

मागच्या वर्षी मी ऑफिसातली एक बढती घेतली नाही, कारण तिच्यासोबत बंगळूरला जावं लागणार होतं आणि बँड पुण्यात आहे. घरी कळल्यावर पप्पा रागावले नाहीत. ते तळोद्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. फळ्यावर उदाहरण मांडावं तसं त्यांनी शांतपणे विचारलं, ‘बेटा, समज सगळं व्यवस्थित झालं. मग दहा वर्षांनी तुम्ही लोक कुठे असाल?’

मी त्यांना ‘इंडियन ओशन’ची पहिली दहा वर्षं सांगितली. 1990 ते 2000, तीन अल्बम. पप्पांनी हिशेब केला, ‘म्हणजे साधारण सव्वातीन वर्षांला एक.’ मग त्यांचा नेहमीचा प्रश्न, ‘शिकलेले किती?’

इथे माझ्याकडे हुकमाचं पान होतं. राहुल राम आयआयटी कानपूरचे रसायनशास्त्राचे एम.एस्सी., आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. पप्पा गप्प झाले. पण पान टाकल्यावर मला वाटलं तसा डाव लागला नाही. ते म्हणाले, ‘अरेरे. एवढं शिक्षण वाया.’

आपल्याकडे शिक्षण वाया जाणं हे पैसे वाया जाण्यापेक्षा मोठं नुकसान. माझ्या पप्पांसाठी तर नक्कीच, कारण त्यांच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेले ते पहिले. मी त्यांना पुढचं सांगितलं. राहुल राम परत आले ते थेट बँडमध्ये शिरले असं नाही. ते नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते. खोऱ्यात फिरताना त्यांनी तिथली गाणी ऐकली, आणि त्यातलं एक बँडमध्ये आणलं. ‘मा रेवा’. 2000 साली आलेल्या ‘कंदिसा’ या तिसऱ्या अल्बममध्ये ते आहे.

मग मी ते लावलं.

पप्पांची शाळा पुनर्वसन वसाहतीतली होती. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली. ती सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, सातपुड्याच्या कुशीतली. मणिबेली हे त्यातलं सर्वांत आधी पाण्याला सामोरं गेलेलं गाव. डोंगरातून उठवून सपाटीवर आणलेल्या मुलांना पप्पांनी वीस वर्षं मराठी बाराखडी शिकवली. माझ्या वर्गातही वसाहतीतली मुलं होती. त्यांच्या घरातली मोठी माणसं ‘नदी’ असा शब्द वापरत तेव्हा ती एकच नदी असायची, आणि ती आता जवळपास कुठेच नसायची.

गाणं संपेपर्यंत पप्पा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे आपल्याकडच्या पावरांचं नाही. हे वरच्या अंगाचं, निमाडातलं. परिक्रमावासी म्हणतात तसलं.’ नर्मदेची परिक्रमा करणारे शहादा, प्रकाशा करत आमच्या भागातून जातात. पप्पांनी त्यांना शाळेच्या व्हरांड्यात कितीदा झोपायला जागा दिली आहे. थोडं थांबून त्यांनी विचारलं, ‘हे दिल्लीत तिकीट लावून म्हणतात?’

‘म्हणत असतील.’

‘छान म्हणतात. आणि ज्यांची नदी त्यांना काय मिळालं?’

या प्रश्नाला मी त्या दिवशी काही बोलले नाही, आणि आजही माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. ‘मा रेवा’ची चाल देशभर वाजली. 17 सप्टेंबर 2017 रोजी पूर्ण उंचीचं, 138.68 मीटरचं धरण राष्ट्राला अर्पण झालं. गाण्याने धरण थांबत नसतं. पण माझं म्हणाल तर, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलच्या गच्चीवर कानात ते गाणं वाजलं तेव्हा दिल्ली, चंदीगड, पुण्याच्या मुलींमध्ये बसून मला पहिल्यांदा कळलं की आमच्या भागातल्या नदीचं नाव रॉकच्या गाण्यात येऊ शकतं. त्याआधी मी तळोद्याची आहे हे सांगताना ‘नाशिककडे’ म्हणून मोकळी व्हायचे. आणि विषशास्त्र शिकलेल्या माणसाची पदवी वाया गेली का? पाण्याचं, मातीचं, माणसांचं काय होतं हेच तर तो विषय शिकवतो. त्या शिक्षणाने त्यांना प्रयोगशाळेऐवजी खोऱ्यात नेलं. वाट वेगळी निघाली एवढंच.

‘कंदिसा’ या अल्बमने बँडचं नाव खऱ्या अर्थाने झालं. त्यातली सामग्री बघितली की थक्क व्हायला होतं. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चन परंपरेतलं, सिरियाक भाषेतलं प्रार्थनागीत. ‘हिल्ले ले’ हे गोरख पांडेंचं, भोजपुरी बोलीतलं. ‘मा रेवा’ नर्मदेचं. कुठल्याही मार्केटिंगवाल्याने हा प्रस्ताव पहिल्याच मीटिंगमध्ये बाजूला ठेवला असता. मला वाटतं, हा अल्बम दहाव्या वर्षी आला म्हणून जमला. पहिल्याच वर्षी एवढ्या भाषा एकत्र केल्या असत्या तर ते प्रदर्शन वाटलं असतं. इथे आधी चौघांचा एक आवाज तयार झाला, आणि मग कुठलंही गाणं त्या घरात राहायला येऊ शकलं.

त्यानंतरची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. अनुराग कश्यप यांनी 1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांवर ‘ब्लॅक फ्रायडे’ केला आणि संगीत या बँडला दिलं. ‘बंदे’चे शब्द पियूष मिश्रांचे. सिनेमा 2004 मध्ये तयार झाला, पण खटल्याचा निकाल लागायचा असल्यामुळे न्यायालयाने प्रदर्शन रोखलं आणि तो थिएटरात यायला 2007चा फेब्रुवारी उजाडला. म्हणजे ज्या गाण्यावर आमच्या हॉस्टेलच्या रात्री चालल्या, तेही रांगेत उभं राहून आलेलं.

1994 ते 2009, पंधरा वर्षं तेच चौघं राहिले. मला या आकड्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. माझ्या पहिल्या कंपनीतल्या टीममध्ये पंधरा महिने तेच चौघं राहिले नाहीत. 25 डिसेंबर 2009 रोजी असीम चक्रवर्ती गेले. त्यांच्या आवाजातली शेवटची गाणी बँडने 2010 मध्ये इंटरनेटवर फुकट दिली, एकेक करून. त्या अल्बमचं नाव ‘16/330 खजूर रोड’. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षं सराव करत, त्याचा हा पत्ता. मित्राच्या शेवटच्या गाण्यांना नाव द्यायचं तर काय द्यावं, आणि त्यांनी सरावाच्या जागेचं दिलं. मंचाचं नाही, पुरस्काराचं नाही. पुढे 2013 मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले. बँड आजही आहे, नव्या माणसांसह.

आमची सरावाची जागा कोथरूडमध्ये आहे, तासाला पाचशे रुपये, एसी चालला तर. गेल्या तीन वर्षांत आम्ही तिथे जेवढं भाडं भरलं त्याच्या वीसावा हिस्साही गाण्यांतून मिळवलेला नाही. ऑनलाइन गाणं ठेवायला वर्षाची फी भरतो आणि वर्षभरात जी रक्कम परत येते तिच्यात चौघांचा चहा होतो, बिस्किटं नाही. ड्रमरचं लग्न झालं, आता त्याचे रविवार अर्धे आहेत. गाणारी मैत्रीण टेस्टिंगमध्ये आहे, महिन्यात दोनदा तिची रात्रपाळी असते. चौघांच्या मोकळ्या वेळा जुळवणं हे गाणं बसवण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि बँडच्या गोष्टी लिहिणारे त्याबद्दल फारसं लिहीत नाहीत. म्हणून मला ‘16/330’ हे नाव इतकं भिडतं. बँड म्हणजे शेवटी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या पत्त्यावर जाणं, बाकीचे येतील या भरवशावर.

या वर्षी आम्ही तीन गाणी रेकॉर्ड केली. त्यातलं एक गाणं माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या आजीकडून ऐकलेल्या चालीवर आहे. पावरी बोलीतल्या दोन ओळी तशाच ठेवल्या आहेत, बाकी शब्द आमचे. अपलोड करायच्या फॉर्ममध्ये गीतकार आणि संगीतकाराचं कायदेशीर नाव टाकावं लागतं. तो रकाना भरताना मी थांबले. ‘पारंपरिक’ लिहून पुढे जाता येतं, सगळे तेच करतात. पण ‘पारंपरिक’ असं नाव असलेली आजी मला माहीत नाही. माझ्या आठवणीत एक ठरावीक आजी आहे, जी धान्य पाखडताना ते गायची आणि मधेच थांबून आम्हाला हाकलायची.

चौघांची यावर दोन तास चर्चा झाली. ड्रमर म्हणाला, तिने तरी ते कुठे रचलं, तिच्या आईकडून आलं असणार. गिटारवाला म्हणाला, मग पैसे कुणाला द्यायचे, आणि आधी पैसे तरी कुठे आहेत. सगळं खरं. शेवटी ठरलं ते एवढंच की गाणं बाहेर जाण्याआधी वसाहतीत जाऊन त्यांना ऐकवायचं. हो म्हणाल्या तर नाव कसं लिहायचं तेही त्यांनाच विचारायचं. नाही म्हणाल्या तर त्या दोन ओळी काढायच्या, आणि काढल्यावर गाणं उभं राहतं का ते बघायचं.

पुढच्या महिन्यात जोडून सुट्टी येते आहे. ड्रमरने घरी विचारून दोन दिवस मिळवलेत, मैत्रिणीने रात्रपाळी बदलून घेतली आहे. मी पप्पांना फोन करून सांगितलं की चौघं येतोय, फोनवरून गाणं ऐकवू. ते म्हणाले, ‘फोनचा आवाज तिला ऐकू यायचा नाही. वाद्यं घेऊन या.’